टाकीच्या टोपीची किल्ली

बुल्खच्या खिंडीत तिसऱ्या वळणावर हेडविनची पिवळी व्हॅन धापा टाकत थांबली आणि तिच्यामागे बावीस व्हॅन थांबल्या. सगळ्या एकाच जातीच्या, चाळीस-चाळीस वर्षांच्या. शेगडी, पडदे, घडीची गादी असा अख्खा संसार पोटात घेऊन फिरणाऱ्या. दर ऑगस्टात समुद्राकाठच्या मैदानात त्यांचा मेळा भरायचा. वर पंप नाही म्हणून टाक्या काठोकाठ भरून सगळे खिंड चढायचे, आणि माथ्यावर जी व्हॅन पहिली पोचेल तिने सगळ्यांसाठी चहाची किटली चढवायची असा रिवाज होता. गेली तीन वर्षं मात्र किटलीपेक्षा गर्दी बंद पडलेल्या गाडीभोवतीच जास्त.

"सरका, सरका! प्रोफेसर आले!"

प्रोफेसर ऑग्डेन पांढरा कोट घालून आले. गळ्यात स्टेथोस्कोप. तो त्यांनी इंजिनाच्या छातीला लावला, डोळे मिटले आणि उसासा सोडला. "मंडळी, इंजिन बिघडत नाही, इंजिन रुसतं! पेट्रोलमध्ये मरगळ शिरली आहे. ती कशी पळते ते ऐकाच आता. किल्ली?"

हेडविनने गळ्यातली किल्ली काढून दिली. प्रोफेसरांनी टाकीची चकचकीत टोपी फिरवली. हिस्स्स्!

"गेली!" प्रोफेसर ओरडले. एक हिरवी गोळी टाकीत पडली, टोपी लागली, दोन मिनिटांत इंजिन गुरगुरू लागलं. टाळ्या पडल्या. एका म्हातारीने तर डोळे पुसले.

हेडविनच्या शेजारच्या सीटवर मांडीवर जॅमच्या बरण्या घेऊन बसलेल्या एलुनेडने टाळी वाजवली नाही. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात गावातल्या पोरांना वाढलं होतं. सगळे तिला आंटी म्हणत. या मेळ्याला ती दोन वर्षांनी आली होती, ती या प्रोफेसरांना एकदा डोळे भरून बघायला. तिचा धाकटा भाऊ इडवल गावातला मेकॅनिक. खिंडीत मान टाकणारी प्रत्येक व्हॅन आधी त्याच्याकडे यायची. तो कार्बोरेटर धुवायचा, फिल्टर बदलायचा, इंजिनं खोलायचा. गॅरेजात गाडी झकास चालायची आणि खिंडीत पुन्हा मरायची. मग प्रोफेसरांची गोळी तिला उठवायची. "ऑग्डेन डॉक्टर, इडवल खाटीक," असं पहिल्यांदा बोलला तो हा हेडविनच. ते नाव गावभर झालं. इडवलने शटर ओढलं ते ओढलंच. आता तो दिवसभर खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसायचा, आणि ते रिकामे हात बघून एलुनेडचं रक्त उकळायचं.

पण आता तिच्या कानात तो आवाज घुमत होता. हिस्स्स्. हा आवाज तिने जन्मभर ऐकला होता. जॅमची बरणी उघडताना अगदी हाच आवाज येतो. आणि बरणीतून काही बाहेर पळत नाही.

सातव्या वळणावर हेडविनची व्हॅन पुन्हा बसली. "गोळीचा असर उतरला," प्रोफेसर म्हणाले, "दुसरी लागेल." एलुनेड पिशवीतल्या केकभोवतीचा पातळ कागद हातात घेऊन टाकीपाशीच उभी राहिली. टोपी ढिली झाली, हिस्स झालं आणि कागद फटकन टोपीच्या फटीला चिकटला. बाहेर काहीच आलं नव्हतं. हवा आत गेली होती. तिने टोपी वाकून पाहिली: गुळगुळीत, कुठे सुईएवढंही भोक नाही. मग पाचच पावलांवरच्या प्रोफेसरांच्या व्हॅनकडे पाहिलं. तिची टोपी जुनी, गंजकी, मधोमध बारीक भोक.

तिथल्या तिथे बोलता आलं असतं. पण भोवती जेमतेम सहा माणसं होती, आणि एलुनेडला सहा माणसं पुरणार नव्हती. शेवटच्या दिवशी, म्हणजे उद्या, सगळा गाव यायचा आणि त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे खिंड चढून पहिली किटली चढवायचा मान यंदा प्रोफेसरांना दिला होता. ती घरी गेली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी मैदानात बँड वाजत असताना तिने मोठ्याने विचारलं, "प्रोफेसर, तीन वर्षांपूर्वी या टोप्या तुम्हीच विकल्यात ना आम्हाला?"

"अर्थात! पेट्रोलचोरांपासून संरक्षण!"

"आणि किल्ली कुणाला द्यायची नाही, मेकॅनिकला तर नाहीच, हेही तुम्हीच सांगितलंत. मग तुमच्या गाडीला ती गंजकी टोपी का? तुम्हाला चोरांची भीती नाही?"

लोक हसले. "लावा की, प्रोफेसर! गोळ्या तर तुमच्याच खिशात आहेत!" हेडविनने कौतुकाने स्वतःची टोपी पुढे केली. नाही म्हणायला जागाच उरली नाही. एलुनेडने काठोकाठ भरलेल्या टाकीवर ती लावली, कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि प्रोफेसरांच्या शेजारी जाऊन बसली.

पहिलं वळण. दुसरं वळण. प्रोफेसरांच्या कपाळावर घाम आला. "बाई, तुम्ही उतरता का? वजन होतंय."

"इडवलने दोन वर्षं वाहिलं. तुम्ही अर्धा तास वाहा."

तिसऱ्या वळणाच्या थोडं पुढे व्हॅन खोकली, हिसके देऊ लागली आणि बसली. मागून सगळा गाव धावत आला.

"किल्ली द्या," प्रोफेसर पुटपुटले.

"गोळी द्या ना इंजिनाला. चाटवा."

"टोपी उघडल्याशिवाय चालू होणार नाही ती!"

"का? गोळीशिवाय नुसती टोपी उघडून काय होतं? मोठ्याने सांगा, मागे ऐकू जात नाही."

प्रोफेसर स्टार्टर फिरवत राहिले. एलुनेडने दार उघडलं, खाली उतरली आणि दगडावर बसली. तिला घाई नव्हती. दया तर अजिबात आली नाही. लोक कुजबुजायला लागले, मग ओरडायला लागले. शेवटी प्रोफेसर पांढऱ्या कोटात खच्चून ओरडले, "हवा! हवा जात नाही आत!"

"आता कसं!" एलुनेडने पिशवीतून चहासाठी आणलेला दुधाचा सीलबंद पत्र्याचा डबा काढला, पातळ दुधाचा. त्याला एक भोक पाडून उलटा धरला. दोन-चार थेंब पडले आणि दूध थांबलं. दुसरं भोक पाडल्यावर धार लागली. "रोज चहा करता ना रे? मग डब्याला दोन भोकं का पाडता? पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. जुन्या टोपीला भोक होतं, याच्या टोपीला नाही. टाकी भरलेली असली की आत हवा थोडीच, म्हणून पेट्रोल लवकर अडतं. टोपी उघडली की हवा शिरते, तोच हिस्स. आणि ही गोळी," तिने एक हुंगली, "कपाटातली डांबरगोळी आहे, हिरवा रंग लावलेली!"

तिने टोपी उघडली. गोळी न टाकता इंजिन सुरू झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हेडविनची मान खाली गेली होती. "आंटी, मी इडवलला खाटीक म्हणालो..."

"मला नको सांगूस. त्याला सांग. आणि तुम्ही सगळे."

प्रोफेसरांना तिने माथ्यापर्यंत नेलं, एवढ्यासाठी की बावीस व्हॅनवाल्यांना त्यांच्याच हातचा चहा पाजायचा होता. प्रत्येकाने कप घेताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांचा पांढरा कोट काढून घेतला आणि हेडविनने त्याने तिथल्या तिथे आपलं तेलकट इंजिन पुसलं. एलुनेडने तो दिवस पुढे कितीदा आठवला असेल, आणि एकदाही तिला वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी इडवलच्या टेबलावर एकेक किल्ली पडत गेली. हेडविन सगळ्यात शेवटी आला. त्याने टोपी ठेवली, माफी मागितली आणि उभा राहिला.

इडवलने टोपी उलटसुलट केली. "ही मी कधी हातात घेऊन पाहिलीच नाही," तो हळू म्हणाला. "तुम्ही किल्ली देत नव्हता, म्हणून मी टाकीऐवजी वर पेट्रोलची उघडी बाटली टांगून गाडी चालवून बघायचो. बाटलीवर कशी बिघडेल?" मग तो बहिणीकडे वळला. "पण एलुनेड, चूक माझीही आहे. किल्ली नाही म्हणाले की मी गप्प बसायचो."

म्हणून एवढं लक्षात ठेवा. चमत्कार करणारा कोण आहे, त्याचा कोट कसा आहे, हे बघू नका. तो कुठे बघू नका म्हणतो, ते विचारा आणि आधी तिथे बघा. गुण खरा असेल तर तुमच्या बघण्याने तो जात नाही.

इडवल उठला, दोन वर्षांचं गंजलेलं शटर खांदा लावून वर ढकललं आणि आत जाऊन सगळ्यात बारीक ड्रिल शोधू लागला. "टोप्या रांगेत ठेवा," आतून आवाज आला. "हेडविनची शेवटी."