घाटात उडालेलं झाकण

मित्रांनो, मी एका गाडीची जुनी, दमलेली सीट आहे, चालवणाऱ्याची. घरातल्या खुर्चीवर माणूस बसला की तिचं काम संपतं. मला मात्र कुणीही बटण दाबलं की पुढे-मागे सरकावं लागतं. पोटाखाली विजेची मोटर आहे ना! ती नसती, तर हे आत्मवृत्त सांगायची वेळ आली नसती.

माझा जन्म जपानचा. पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी मला एकदाच हवी तिथे सरकवलं आणि पुढे कित्येक वर्षं बटणाला बोट लावलं नाही. सुख म्हणतात ते तेच असावं. मग गाडी विकली गेली आणि मी किर्गिझ डोंगरात, सुसामीरच्या कुरणावर उलजानबाईंकडे आले.

बाईंचे यजमान रशियात कामाला. बाई उन्हाळाभर घोड्यांचं दूध काढतात, ते आंबवून कुमिस करतात आणि घाट ओलांडून बिश्केकच्या बाजारात स्वतः विकून येतात. उंचीने लहानखुऱ्या. मी पार पुढे आल्याशिवाय त्यांचा पाय ब्रेकला पोचत नाही. उतरताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "शाब्बास गं!" एवढ्या कौतुकावर मी अनेक उन्हाळे ओढले.

कुमिसचा कॅन त्या माझ्याखालीच सारायच्या. सावली असते, लवंडत नाही. पण कुमिस आतल्या आत फसफसतं आणि माथ्यावर हवा विरळ. यंदा ऐन माथ्यावर झाकण उडालं. बाईंनी गादी पुसली, पायपुसणं पुसलं. माझ्या पोटाखाली कोण बघतं?

पुढच्याच आठवड्यात त्यांचा धाकटा दीर कुबात गाडी घेऊन लग्नाला गेला. ताडमाड माणूस. त्याने मला पार मागे नेलं, आणि मी तिथेच अडकले.

"फ्यूज गेला असेल," कुबात म्हणाला. नवा बसवला. मी ढिम्म. मग खालच्या गावातून सापार मिस्त्री आला. त्याने बटण दाबलं, कान लावला आणि वाकण्याचे कष्ट न घेता सांगून टाकलं, "मोटर मेली. नवी मागवावी लागेल. येईल हिवाळ्यापर्यंत."

"हिवाळ्यात काय बर्फ विकू?" बाई म्हणाल्या.

"मी आहे ना, वहिनी! मी चालवतो," कुबात म्हणाला.

चालवली की! शर्यतींना चालवली, मित्रांच्या मेजवान्यांना चालवली. बाजाराच्या दिवशी मात्र त्याचं हटकून डोकं दुखायचं. इकडे कुमिस आंबून आंबून घशाखाली उतरेना. बाईंनी पाठीशी जाड लोकरी नमद्याची घडी लावून पाहिली. पहिल्याच उतारावर ब्रेक दाबताना घडी दबली, पाय सुटला आणि गाडी ओढ्याच्या काठावर जेमतेम थांबली.

"भाऊजी, वास कसला येतोय हो?" एका रणरणत्या दुपारी बाईंनी विचारलं.

"तुमच्याच कुमिसचा. गाडी आहे की बुधला?"

बाई टॉर्च घेऊन पालथ्या पडल्या आणि माझ्या पोटाखाली शिरल्या. इतक्या वर्षांत तिथे डोकावलेलं ते पहिलं माणूस. मोटरला वीज नेणाऱ्या तारांच्या जोडावर हिरवी बुरशी चढल्यासारखं दिसत होतं.

"अगं बाई, हे तर कळकलंय! कुमिस तांब्याच्या भांड्यात ठेवलं की हेच होतं. मोटर कुठली मेली, तिला वीजच पोचत नाहीये!"

"सापार मिस्त्रीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"मोटरमधलं नाही कळत. आंबटातलं कळतं. तुम्ही आधी बॅटरीची तार काढा आणि धान्याच्या पोत्यामागची ती व्होडका आणा."

"कुठली व्होडका?"

"तीच, जी तिथे नाहीये."

बाईंनी जोड सोडवला, त्या व्होडकेने घासला, सुईच्या टोकाने हिरवं खरवडलं आणि उन्हात खडखडीत वाळवला. कुबात रिकाम्या होत चाललेल्या बाटलीकडे मेलेल्या घोड्याकडे बघावं तसा बघत होता. मग जोड लावला, बॅटरी जोडली, बटण दाबलं. मी कुरकुरले आणि निघाले. बाईंचा पाय ब्रेकला टेकेपर्यंत गेले. त्यांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. बराच वेळ पाय काढलाच नाही.

मित्रांनो, यंत्राला मेलं म्हणण्याआधी जरा वाका. खाली आपणच सांडलेलं काहीतरी असतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गाडी बाईंनी चालवली. कॅन शेजारी बसलेल्या कुबातच्या मांडीवर होता.

माथ्यावर झाकण उडालं. मी कोरडी राहिले.