दाखवायचा पाय

"यायचं नाही म्हणजे नाही, ताई." डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच धाकटी म्हणाली. चिमट्यातला इवलासा स्क्रू घड्याळात जागेवर बसला, तेव्हा कुठे तिनं मान वर केली. "माझा पाय म्हणजे काय पोस्टर आहे?"

तिची थोरली बहीण, वस्तीतली नर्स, लसीचा डबा खांद्याला अडकवून दारात उभी होती. निवृत्ती तोंडावर आली होती आणि सकाळीच पाय भरून आले होते. पोलिओच्या फेरीत एखादं घर अडून बसलं, की ती धाकटीला घेऊन जायची. धाकटी पायाला बांधलेला लोखंडी कॅलिपर खडखडवत यायची, दारात बसायची, काडीसारखा पाय उघडा करायची. बायका चुकचुकायच्या आणि मुकाट्यानं आपली पोरं पुढं करायच्या.

"मागच्या फेरीत एक म्हातारी माझ्यादेखत सुनेला म्हणाली, 'बघ, असं वाटोळं होतं.' चार गल्ल्यांतली घड्याळं माझ्या हातावर चालतात, ताई. स्वतःचं कमावून खाते. आणि तिच्या लेखी मी वाटोळं!"

"अगं, पण एका पोराचा प्रश्न आहे."

"आहे ना. मग तू नर्स आहेस, तू सोडव."

नर्स एकटीच निघाली. धाकटी नुकती चालायला लागली होती, तेव्हाच तो ताप आला होता. लस निघाली होती, पण त्यांच्या वस्तीपर्यंत पोचली नव्हती. तापानं पाय लुळा करून टाकला, आणि आई तिला पाठुंगळी मारून दवाखान्यांचे उंबरे झिजवत राहिली. आता रोग जवळजवळ हद्दपार झाला होता. त्या 'जवळजवळ'नंच नर्सचा जीव मेटाकुटीला आणला होता.

अडून बसलेलं घर गल्लीच्या टोकाला होतं. दारातल्या बाईच्या कडेवर पोर खोकत होतं.

"आलात पुन्हा?" बाई कडाडली. "नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, पोर खोकून बेजार झालं तरी दवाखान्यात कुणी विचारत नाही. थेंब मात्र फुकट, तेही घरपोच! यात काहीतरी काळंबेरं असणारच."

एरवी नर्सकडे पाठ केलेली उत्तरं असायची. आज ती न विचारताच पायरीवर टेकली.

"गटाराचं खरंय. मीही सांगून थकले, कुणी दाद देत नाही. खोकला कधीपासून आहे? बघू इकडे."

बाईनं नाइलाजानं पोर पुढं केलं. नर्सनं त्याच्या पाठीला कान लावला, श्वास ऐकला. "छाती मोकळी आहे. घसाच आहे नुसता. कोमट पाणी पाजत राहा."

बाईचा आवाज जरा उतरला. "पाय गेलेल्या कुणा बाईला आणता म्हणे तुम्ही. शेजारीण सांगत होती."

"माझी बहीण. ती नाही येणार आता."

"का?"

"पाय दाखवून कंटाळली."

"कंटाळेल नाहीतर काय!" बाई पटकन म्हणाली. मग थांबून तिनं विचारलं, "बरी आहे ना ती?"

"छान आहे. माझ्यापेक्षा जास्त कमावते." नर्स पोराच्या तळपायावरून बोट फिरवत होती. "पण लहानपणी पोरं खेळायला लागली, की ती खिडकीत बसून बघायची. तेव्हा आई भांडी आपटत घासायची. आपलं रडणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून. तसं तुमच्या घरी नको, एवढंच."

बाईनं पोराची हनुवटी धरून वर केली.

"पाजा. पण खोकला थांबला नाही, तर तुमच्याच दारात येऊन बसेन."

"या," नर्स म्हणाली.

नर्स घरी पोचली, तेव्हा धाकटी दुकान आवरून पलंगावर बसली होती.

"पाजले थेंब?"

"पाजले."

"काय जादू केलीस?"

"आईचं सांगितलं. तू खिडकीत बसायचीस तेव्हा ती भांडी आपटायची, रडणं झाकायला. ते."

धाकटी बहिणीकडे बघत राहिली. "त्यासाठी आपटायची?" ती हळूच म्हणाली. "मला आपलं वाटायचं, माझ्यावर वैतागलीय."

धाकटी वाकून कॅलिपरचे पट्टे सोडू लागली. गुडघ्याजवळचा पट्टा बकलात अडकला. नर्स उठायला लागली, तसा धाकटीनं हात वर करून तिला थांबवलं, आणि मान खाली घालून एकटीच तो पट्टा सोडवत राहिली.