पासलीच्या आभाळात कुलसुमबी

भोरच्या पेठेत अन्वर मणेराचं बांगड्यांचं दुकान होतं, पण धंदा खरा चालवायची ती त्याची बायको, कुलसुम. अन्वर दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट बघायचा आणि कुलसुम गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभी राहायची. डोक्यावर टोपली, खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन ती भाटघरच्या धरणाच्या कडेकडेनं भुतोंड्यापर्यंत जायची, तिथली खिंड चढून पलीकडं पासलीत उतरायची, आणि वेल्ह्याची गावं करून आठवड्यानं घरी परतायची. लग्न झाल्यापासूनची ही वाट. आता चाळिशी आली, तरी तिचा पाय कुठं अडखळत नव्हता. तोंड तर त्याहून नाही. गावोगावच्या बाया तिला कुलसुमबी म्हणत, आणि ती आली की हातातलं काम टाकून भोवती बसत. बांगड्या भरायला थोड्या, बाकीच्या ऐकायला.

सन चौतीसचा माघ महिना होता. पासलीत धोंडाबाईच्या ओट्यावर कुलसुमनं टोपली उतरवली. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडून बाया नुकत्याच डोंगरावरून आल्या होत्या. धोंडाबाई ही त्यांच्यातली वडीलधारी, अंगानं आडवी आणि बोलायला रोखठोक. तिच्या मनगटावर बांगडी चढवता चढवता कुलसुम म्हणाली,

"भोरात दवंडी पिटलीया. रविवारी गावाखालच्या माळावर इमान येणार हाय. तिकीट काढलं की मान्साला बसवत्यात."

"आन् तू बसणार व्हय?" धोंडाबाई हसली.

"बसणार तर!"

हे मात्र खरंच तिच्या मनात होतं. तीन-चार पावसाळ्यांपूर्वी भुतोंड्याच्या खिंडीत एकटी असताना तिनं पहिल्यांदा विमान पाहिलं होतं. टोपली खाली ठेवून ती ते दिसेनासं होईपर्यंत उभी राहिली होती. तेव्हापासून हे वेड तिच्या डोक्यात होतं, पण घरात ती कुणाला बोलली नव्हती.

"बसून काय करणार गं?" दुसरी एक बाई म्हणाली. "हितल्या हितं फिरून येणार."

इथं कुलसुमची जीभ सुटली. "हितल्या हितं? तुमच्या गावावरनं जाणार म्या! रविवारी दुपारपासनं वर बगत ऱ्हावा. हात करीन."

बाया खिदळल्या. धोंडाबाईनं मात्र तिच्याकडं रोखून पाहिलं. "बग हां, कुलसुमबी. सारा गाव घिऊन उबी ऱ्हाईन म्या खाचरात."

"ऱ्हा की!"

पुढच्या गावातही तिनं तेच सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या गावातही. वेल्ह्याला पोचेपर्यंत तिला स्वतःलाच ते ठरल्यासारखं वाटू लागलं होतं.

शुक्रवारी ती घरी आली. तिचं ऐकून अन्वरनं कपाळाला हात लावला. तो मुळात सावध माणूस. ओढ्याला गुडघाभर पाणी असलं तरी काठी टेकून बघणारा.

"अगं, ते इमान भोरावर दोन चकरा मारतंय आन् खाली येतंय. चावडीवरच्या शिपायानं सांगितलं. पासली कुठं, तू कुठं!"

कुलसुम जेवता जेवता थांबली. "मंग त्यांना सांगू. पासलीकडं चला म्हणावं."

"इमान काय तुज्या बाचं हाय?"

"बाचं नसलं म्हणून काय झालं? विचारायला काय जातंय?"

अन्वरनं तिच्यापुढं आणखी एक भाकरी ठेवली. मग म्हणाला, "एकटी न्हाई जायाचं. म्या बी येतो. तुला काय झालं तर पोरीला काय सांगू?" त्यांची लेक शिरवळला दिली होती. बोलता बोलता तो भरलेल्या तांब्यात पुन्हा पाणी ओतू लागला. आपला नवरा आपल्याहून जास्त घाबरलाय, हे कळून कुलसुमला धीर आला.

रविवारी सकाळपासून माळावर सगळा भोर लोटला होता. संस्थानच्या शिपायांनी दोर बांधून लोकांना मागं रेटलं होतं. दुपारी घरघर ऐकू आली आणि पिवळ्या रंगाचं, दोन मजली पंखांचं विमान गवतावर उतरलं. त्याच्या पोटात चार माणसं बसतील एवढी बंद खोली होती, आणि तिच्या मागं उघड्यावर विमान चालवणाऱ्याची जागा. चालवणारा तरुण होता, मराठी होता, आनंदराव नावाचा. कातडी टोपी काढून त्यानं लोकांना नमस्कार केला तेव्हा टाळ्या पडल्या.

कुलसुमनं दोघांचं तिकीट काढलं आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, आमाला पासलीकडं न्या."

"पासली कुठं आली?"

"तोरण्याच्या मागल्या अंगाला."

आनंदराव हसला. "बाई, तेवढं लांब नाही जाता येणार. आमची फेरी गावाभोवतीची."

"लांब कुठं? म्या डोईवर टोपली घिऊन चालत जाते तितं. तुमच्या इमानाला काय झालं?"

भोवतालची माणसं हसली. आनंदरावही हसला, पण त्याची नजर पश्चिमेच्या डोंगरांकडं गेली. "भर उन्हात डोंगरांवर विमान फार हादरतं," तो म्हणाला. "संध्याकाळी हवा शांत झाली आणि पेट्रोल पुरलं, तर बघू. पण शब्द देत नाही. सगळ्यांच्या फेऱ्या संपेपर्यंत थांबाल?"

"थांबते की."

ती दोराच्या कडेला बसून राहिली. एकेक फेरी जात होती, येत होती. तिचा नंबर आला, तिनं मागच्याला पुढं जाऊ दिलं. असं दोनदा-तीनदा झालं तशी गर्दीत कुजबुज सुरू झाली. पेठेतला रखमाजी शिंपी मोठ्यानं म्हणाला, "भ्याली! कुलसुमबी भ्याली!" लोक हसले. कुलसुम खाली बघून गवत उपटत राहिली, हे अन्वरनं पाहिलं.

कारण ती खरोखरच भ्याली होती. वळताना ते यंत्र एका अंगावर कलायचं आणि आता पालथं होईल असं वाटायचं. तिकडं पासलीच्या खाचरात बाया उन्हात माना वर करून उभ्या असतील, हे आठवलं की उठून घरी जाताही येईना. जावं तरी भीती, न जावं तरी भीती.

"घरी जायाचं का?" अन्वर हळूच म्हणाला. "कुनी काय म्हनत न्हाई."

"धोंडाबाई म्हनंल," ती म्हणाली आणि पदर खोचून उभी राहिली.

उन्हं कलली. शेवटची फेरी खाली आली. आनंदरावानं आपल्या मिस्त्रीला पेट्रोल बघायला सांगितलं, दोघं काही बोलले, मिस्त्रीनं मान हलवली. आनंदराव तिच्याकडं आला. "चला बाई. खरं सांगू का, तोरणा वरून बघायची माझीही फार इच्छा आहे. मी त्याच्या पायथ्याशी कधी गेलेलो नाही. वाट तुम्ही दाखवायची."

खोलीचं दार लागलं. मागच्या बाजूला एक लहानसा झरोका होता, त्यातून आनंदरावाचा चेहरा दिसत होता. यंत्र गर्जू लागलं तसं कुलसुमनं डोळे गच्च मिटले आणि अन्वरच्या दंडात नखं रोवली. विमान गवतावरून खडखडत धावू लागलं. बैलगाडी दगडांवरून उधळावी तसे हिसके बसत होते. ती मनात अल्लाचं नाव घेत होती. मग अचानक हिसके थांबले. चाकांचा आवाज गेला. पोट खाली राहिलं आणि आपण वर आलो, असं तिला वाटलं.

"कुलसुम," अन्वर कानाशी ओरडला, "डोळं उगड!"

"न्हाई!"

"अगं उगड! आपली पेठ बग. नीरा बग. या अल्ला, केवडी नागमोडी नदी हाय ही! आन् आपुन रोज तिच्या काठानं फिरतो!"

एवढा सावध माणूस, त्याचं नाक काचेला चिकटलं होतं आणि तो लहान पोरासारखा बडबडत होता. ते ऐकून तिनं आधी एक डोळा उघडला. खाली भाटघरच्या धरणाचं पाणी पसरलं होतं आणि त्यावरून विमानाची इवलीशी सावली पळत होती. तिनं दुसराही डोळा उघडला. ज्या कडेनं चालताना तिचा निम्मा दिवस जायचा, ते पाणी बघता बघता मागं पडलं. नखं रोवलेला हात तिनं सोडला.

"दुखलं का?"

"लई," अन्वर म्हणाला, पण त्यानं काचेवरून नजर काढली नाही.

उजव्या अंगाला राजगड आला. आनंदरावानं बोटानं दाखवला आणि एक लांब वळण घेतलं. पुढं तोरणा होता, उन्हात तांबूस, आडवा पसरलेला. झरोक्यातून हाक आली, "बाई, आता कुठं?"

कुलसुमनं खाली पाहिलं आणि ती गोंधळली. खालचं काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं. ज्या चढानं दम निघायचा तो चढ दिसतच नव्हता. डोंगर दबल्यासारखे, सपाट, एकासारखा एक. गावं म्हणजे गवताच्या छपरांचे पुंजके, तेही सगळे सारखेच. इतकी वर्षं चाललेली वाट आणि तिला पूर्व-पश्चिम सांगता येईना.

"उन्हं चाललीत, बाई! सापडत नसेल तर फिरू माघारी!"

"थांबा, साहेब! जरा थांबा!"

तिनं कपाळ काचेला टेकलं. पाणी मागं संपलं, म्हणजे हे भुतोंडं असणार. भुतोंड्याच्या वर खिंड. खिंडीत जायची वाट कशी? ओढा डाव्या हाताला ठेवून. ओढ्याची हिरवी रेघ तिला दिसली. त्या रेघेच्या शेजारून एक पांढुरका, सुईच्या दोऱ्याएवढा बारीक माग डोंगरावर चढत होता. मध्येच नाहीसा व्हायचा, पुन्हा निघायचा. माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडलेली ती वाट होती. तिच्याही पायांनी पडलेली.

"ती बगा!" ती किंचाळली. "त्या वाटंनं चला! वाट सोडू नगा!"

आनंदरावानं वाट धरली. खिंड पायाखालून गेली. ज्या खिंडीत बसून ती भाकरी खायची, तिथं आता गुरांचा एक कळप होता आणि विमानाच्या आवाजानं तो उधळला. खिंडीपलीकडं जमीन खाली गेली आणि पायऱ्यांसारखी उतरत जाणारी भाताची रिकामी खाचरं दिसली. काहींमध्ये राब भाजल्याचे काळे चौकोन होते.

"हीच पासली!"

विमान खाली आलं. खाचरात माणसं होती. खरोखर होती. लाल, हिरवी, निळी लुगडी, पागोटी, उघडी पोरं, आणि त्यांच्यामध्ये पेंढ्याच्या गंजीवर चढून उभी राहिलेली एक आडव्या अंगाची बाई. ती दोन्ही हातांनी पदर हवेत फडकावत होती.

"धोंडाबाई! म्या हाय! म्या आले!" कुलसुम बंद काचेवर थापा मारत ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. अन्वरही हात हलवत होता, ज्यांना तो कधी भेटला नव्हता त्या माणसांना. आनंदरावानं गावाभोवती एक घिरटी घेतली, मग दुसरी घेतली. त्यानंतर तोरण्याच्या माथ्यावरून वळून विमान भोरकडं परतलं.

विमान माळावर उतरलं आणि कुलसुम बाहेर आली. ती तिथंच गवतावर बसली. रखमाजी शिंपी गर्दीतून पुढं आला आणि त्यानं विचारलं, "काय कुलसुमबी, कसं वाटलं?" पण तिला बोलायची गरज पडली नाही. अन्वरच बोलू लागला, आणि नंतर कित्येक दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो ती सगळी वाट पहिल्यापासून सांगत राहिला. त्या दिवसांत दुकानही बरं चाललं.

पुढच्या फेरीला ती पासलीत पोचली, तेव्हा टोपली खाली ठेवायलाही कुणी दिली नाही. बायांनी तिला ओट्यावर बसवलं. आमचं घर दिसलं का, आमची विहीर दिसली का, डोंगरापल्याड समुद्र दिसला का? जिला जे हवं ते विचारत होती. जे पाहिलं ते ती सांगत होती, आणि जे पाहिलं नव्हतं तेही थोडं सांगत होती.

"म्या तुजा हात वळखला," धोंडाबाई म्हणाली. "हिरव्या बांगड्या चमकल्या."

एवढ्या उंचावरून बांगड्या काय दिसणार? पण कुलसुम म्हणाली, "दिसनारच. तुजी गंजी बी म्या लांबनं वळखली."

दुपारी बाया पांगल्या. धोंडाबाईनं तिला गूळ-पाणी दिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "खरं सांग. भ्या वाटलं?"

"लई. रडले म्या. दादल्याच्या दंडाला अजून वळ हायेत."

विमान ज्या बाजूनं आलं होतं, त्या खिंडीकडं धोंडाबाई बघत होती.

"पुना यील का गं ते?"

"यील म्हनत्यात."

"मंग मला आगुदर सांगावा धाड," धोंडाबाई म्हणाली. "नवं लुगडं काडून ठिवते."

विमान पुन्हा यायला दोन वर्षं लागली. त्या दिवशी धोंडाबाई आदल्या सांजेलाच खिंड उतरून, नवं लुगडं नेसून, पासलीच्या आणखी तीन बायांना बरोबर घेऊन माळावर हजर झाली. कुलसुमनं त्यांना आत बसवून दिलं, दाराशी उभी राहून ती म्हणाली, "डोळं मिटू नगा गं," आणि दोराच्या अलीकडं येऊन थांबली. विमान धावलं, उठलं. दोराच्या अलीकडं पुढच्या फेरीसाठी थांबलेली एक अनोळखी बाई घाबरून कुलसुमचा हात धरून विचारत होती, वर गेल्यावर काय होतं? कुलसुम तिला सांगू लागली.