फुग्यांचं कडं

‘फुगे आले, फुगे फिरले,
पाण्यामध्ये कडे विणले,
बाहेर राहा गं माझ्या बाई,
आत गेले ते पोटात गेले.’

मी लहान असताना मला बोटीच्या टोकाला बसवून बाबा हे गुणगुणायचे. खाली पाण्यात एखादा हंपबॅक देवमासा फुगे सोडत गोल फिरायचा. मासोळ्या बुजून त्या कड्यात गोळा व्हायच्या. मग एकाची लांब हाक, आणि सगळे देवमासे जबडे उघडून एकदम वर.

मोठेपणी मी बाबांची मासेमारी न धरता त्या हाका टिपायचं काम धरलं. गेलं वर्षभर मी घरी गेले की बाबा तोंड फिरवून बसायचे. हाक मारली तरी ओ नाही. आज माझ्या बोटीचं इंजिन बिघडलंय असं आईने सांगितलं, तर मुकाट्याने स्वतःची बोट काढून मला घेऊन निघाले.

बाबा सुकाणूवर, नजर पुढच्या पक्ष्यांवर. मी मागे, पाण्यात माइक सोडून, कानाला हेडफोन लावून. हाक सुरू झाली, चढत गेली. सहज पाण्याकडे पाहिलं, तर आमच्या मागून, दोन्ही बाजूंनी फुगे वर येत होते.

“बाबा, पुढे काढा. आपण कड्यात आहोत.”

ते ढिम्म. आता तरी रुसवा सोडा की, असं मनात म्हणत मी माइक वर ओढला, धावत जाऊन त्यांचा खांदा हलवला, हाताने मागचे फुगे दाखवले. बाबांनी एकदाच वळून पाहिलं आणि कड्याच्या उघड्या तोंडातून बोट बाहेर काढली.

मागे पाणी फुटलं. काळे जबडे, फुगलेले गळे, चांदीसारख्या उडणाऱ्या मासोळ्या. दोन-चार आमच्या पायाशी पडल्या.

“घे, उष्टं पाठवलंय,” इंजिन बंद करत बाबा म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही. त्यांच्यासमोर जाऊन मी म्हणाले, “एवढा राग आहे, तर आलात कशाला?”

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. “राग? तुझ्यावर कसला गं राग?”

वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलला. मी तिथेच मासोळ्यांत बसले.

“मग हाकेला ओ का देत नाही?”

बाबा माझ्याशेजारी टेकले. ओला हात पँटला पुसला, पुन्हा पुसला.

“मला ऐकू येत नाही, बाई. बोट सोडायला लावाल म्हणून बोललो नाही.”