डोमाजीचा सांधा

"डोमाजी, गॅस भर अन् मोकळा हो. तीन बजे नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले पोरीले पाह्याले. खोली थंडी पाह्यजे."

राइस मिलचे मालक घनश्यामसेठ हे डोमाजीपेक्षा भिंतीवरच्या घड्याळाला सांगत होते. १९६९चा मे. अख्ख्या बालाघाटात घरगुती एसी मोजून चार, चारही डोमाजीच्या हातातले. पण बाकीचे तिघे मालक घनश्यामसेठांना विचारल्याशिवाय शिंकतही नसत. सेठ रुसले, की डोमाजीला उरणार टेबलफॅन दुरुस्त करणे.

हे पक्के ठाऊक असूनही त्याने सिलिंडर बाजूला ठेवला.

"आदी गळती पाह्यतो, सेठजी."

"कायची गळती? सालभर चालली मशीन, गॅस सरला असन."

"गॅस सरत नाही."

"काहून? पेट्रोल सरते, रॉकेल सरते, तुयाच गॅसले अमरपट्टा हाय का?"

"तुमच्या मिलमधला हमाल पोतं बाहेर टाकते अन् रिकामा परत येते ना? तसाच हा. आतल्या नळीत उकळते, खोलीतली गरमी उचलते. कॉम्प्रेसर त्याले दाबून मांगच्या जाळीत ढकलते. तिथं गरमी टाकते, पातळ होते, वापस आत. पोते सरतीन, हमाल कसा सरन? कमी झाला म्हंजे पयाला. अन् पयाला म्हंजे भोक हाय."

हमाल पळतात हे सेठांना अनुभवाने पटण्यासारखे होते.

सेठांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी स्वयंपाकघरातून वाटीभर रिठ्याचा फेस आणून दिला. डोमाजीने नळीत थोडा गॅस सोडला आणि एकेका सांध्याला फेस लावू लागला. नवरीला हळद लावतानाही बायका इतकी निगुती दाखवत नाहीत. मागच्या जाळीच्या कोपऱ्यात एक बुडबुडा फुगला, फुटला. लगेच दुसरा.

डोमाजीने फेस पुसून त्या सांध्यावरून बोट फिरवले.

"सापडली?"

"हौ."

"नागपूरवाल्या मिस्त्रीचं काम असन," सेठांनी आयतीच वाट काढून दिली. मशीन बसवणारा तो मिस्त्री काही साक्षीला येणार नव्हता. अशा वेळी माणसे एवढीशी लबाडी दुसऱ्याच्या खात्यावर टाकतात, आणि पाहणारेही ती चालवून घेतात.

"नाही, सेठजी. हा सांधा मीच जोडलता. मांगच्या उन्हाळ्यात."

सेठांच्या भुवया वर गेल्या त्या बराच वेळ खाली आल्या नाहीत.

डोमाजीने भरलेला गॅस सोडून दिला, सांधा घासून पुन्हा झाळला, पुन्हा फेस लावून पाहिला. सोबत आणलेल्या जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने नळीतली हवा ओढून काढली आणि मगच गॅस भरला. अडीच वाजता खोलीने गारवा धरला.

"थंडी बढिया हाय," सेठ म्हणाले. "पण पुढच्या साली नागपूरवालाच येईन. बाकीच्यायलेही तसंच सांगतो."

"ठीक हाय. त्याले म्हणा, भराच्या आदी सांधे पाह्य."

पाहुण्यांची जीप आली. आत सरबत फिरू लागले. सत्यभामाबाई मागच्या दारी आल्या.

"भाऊ, आत या ना. जराशे थंडीत बसा."

"नाही, बाई. मले इथंच पाह्यचं हाय."

भर उन्हात, भिंतीबाहेर आलेल्या मशीनच्या पाठीमागे डोमाजी उभा होता. जाळीतून निघणाऱ्या कढत झोतात त्याने तळहात धरला होता. आतली गरमी सगळी बाहेर येत होती. कपाळावरचा घाम त्याने दुसऱ्या हाताने पुसला.