पाणी कुणाच्या खिडकीतून

बंदराच्या धक्क्यावर इमारत बांधायची आणि ती म्हणे परिसरातूनच उगवल्यासारखी दिसली पाहिजे! आमच्या बिल्डरसाहेबांचं हे लाडकं वाक्य. त्या परिसरात स्वतः ते गाडीची काच खाली करण्यापलीकडे कधी उतरले नाहीत, ते सोडा. मी तिथेच लहानाची मोठी झालेली आर्किटेक्ट, म्हणून काम माझ्याकडे आलं. होड्यांच्या शेडची उतरती छपरं, खाऱ्या वाऱ्याने करडं पडलेलं लाकूड, डेकसारख्या बाल्कन्या, सगळं नकाशात आणलं. साहेब खूश.

माझा जीव अडकला होता भलतीकडेच. इमारतीमागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर माझी ताई राहते. भाऊजी फेरीबोट चालवतात. एकदा वादळात त्यांची बोट बुडता बुडता वाचली. तेव्हापासून वारा सुटला की ताई स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हलत नाही. बोट दिसेपर्यंत तिच्या घशाखाली घोट उतरत नाही. आणि त्याच खिडकीसमोर मी, सख्खी बहीण, भिंत उभी करणार? छे!

म्हणून इमारतीत एके ठिकाणी आरपार मोकळी जागा सोडली, बरोब्बर तिच्या खिडकीसमोर. "इथल्या बोळांसारखी," असं साहेबांना पटवलं. त्यांचे फ्लॅट जात होते, त्यामुळे त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. शेवटी म्हणाले, "एकच मिळेल. दुसरी मागितलीत तर मी दुसरा आर्किटेक्ट बघेन."

पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन मी मिरवतच ताईकडे गेले. ओट्यावर ठेवलं. तिने वाकून फटीला डोळा लावला.

"अगंबाई! दिसेल की गं पाणी!" तिचे डोळे भरून आले. माझेही आले.

मग तिने मॉडेल जरा फिरवलं. "आणि खाली, गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तर?"

"तिथे भिंत."

"शेजारच्या काकू तिथेच उभ्या राहतात. त्यांचे दोन्ही मुलगे होडीवर आहेत. गल्लीतल्या सगळ्याजणी तिथेच असतात."

"सगळ्यांना कुठे पुरी पडू मी?"

"म्हणजे आपला तो बाब्या, आणि लोकांचं ते कार्टं! ही जागा गल्लीच्या तोंडाशी सरकव."

"वेडी आहेस का? मग तुला नुसती भिंत दिसेल. वारा सुटला की काय करशील?"

"जाईन खाली. उभी राहीन त्यांच्यात."

माझं डोकंच फिरलं. "तुझ्यासाठी भांडले गं मी त्या माणसाशी! कुणाकुणाची बोलणी खाल्ली!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण उद्या काकूंना मी कुठल्या तोंडाने भेटू?"

कपाळ माझं! मी कटर काढला. हात चालेना. तिचा राग येत होता, आणि माझी मलाच लाजही वाटत होती. ताईने पुठ्ठ्याची भिंत दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाहेर वारा सुटला होता आणि ती खिडकीकडे मुद्दाम बघत नव्हती.

"काप लवकर," ती म्हणाली. "माझं मन बदलायच्या आत."