मजारच्या झऱ्याचं पाणी

बेगिमायचं मूल आडवं आलं होतं. तिची सासू झूराकान आपा वस्तीतली सुईण. तिने पोट चाचपून पाहिलं आणि मला बोलावणं पाठवलं. मला बाळंतपणातलं काही कळत नाही. मी इथे कोक-सायच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पण वस्तीतला एकुलता वायरलेस आपाच्या घरी होता, आणि तो बंद पडला होता. खिंडीत बर्फ घोड्याच्या छातीला लागत होता. रोज दुपारी दवाखाना वायरलेसवर एकेका वस्तीला हाक मारतो; त्या वेळी कळवलं, तरच पुढे बर्फ काढणारं यंत्र घालून गाडी निघाली असती.

मी वायरलेसच्या बॅटरीची झाकणं उघडली. आतलं आम्ल इतकं पाणचट झालेलं की वर बर्फाची साय धरली होती. तळाशी तांबूस गाळ. यात काय घातलंत, असं आपाला विचारलं. पाणी आटायचं म्हणून हिवाळ्याआधीपासून ती मजारच्या, पिराच्या थडग्याजवळच्या, झऱ्याचं आणून ओतत होती, दर वेळी दुआ पुटपुटून. त्या पाण्याने आमच्याकडे माणसांचे गुडघे बरे होतात. पण त्यात लोह असतं, मीठ असतं. बॅटरी आतल्या आत स्वतःलाच खात बसते. वितळलेला बर्फ घातला असता तरी चाललं असतं.

ऊब मिळून थोडी तरी वीज देईल म्हणून बॅटरी नमद्यात, जाड लोकरी कापडात, गुंडाळून चुलीजवळ ठेवली.

आपा म्हणाली, "पोरांना रोज शिकवतेस ना, शिसं काय करतं, आम्ल काय करतं? मग सांग की त्या शिशाला नि आम्लाला, आज करा म्हणावं."

शिशाची एक पट्टी इलेक्ट्रॉन देते, दुसरी घेते, आणि मधलं आम्ल खर्ची पडतं. इथे आम्ल संपलं होतं. पट्ट्यांवर पांढरा थर घट्ट बसला होता. तो खरवडून निघत नाही.

आतून बेगिमायचं कण्हणं येत होतं.

दुपारी वायरलेसचा दिवा लागला. दवाखान्यातली बाई एकेका वस्तीचं नाव घेत होती, अगदी स्पष्ट. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला कितीतरी जास्त. मी बटण दाबलं की दिवा विझे. सोडलं की तिचा आवाज परत येई.

"कोक-साय?"

आपाने माइक माझ्या हातातून घेतला. "अगं, आम्ही आहोत इथं. सून अडलीय माझी. ऐकतेस का, बाई?"

तिने बटण सोडलं, तेव्हा ती बाई कुणाला तरी सांगत होती, "कोक-साय गप्प आहे. म्हणजे ठीकच असेल सगळं." मग तिने पुढच्या वस्तीचं नाव घेतलं.

आपाने माइक माझ्या हातात परत दिला. मी पुन्हा बटण दाबलं.